कोरड्या टेकड्यांवरची वसंतफुलं: नागपूर आणि आसपास

रानवेडी · १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

दर सप्टेंबरात कासच्या पठाराचे फोटो फिरू लागले की आपल्या सगळ्या ग्रुपांवर एकच सूर लागतो, "आपल्या नागपुरात असं काही नाही." मला दरवर्षी ते वाचून वाईट वाटतं, म्हणून यंदा मोसमाच्या तोंडावरच धागा काढते आहे. आपल्याकडचा फुलांचा मोसम आत्ता सुरू होतो. पावसाळ्यात हिरव्यागार असणाऱ्या टेकड्या माघात पानं गाळून उघड्या पडतात, गवत वाळतं, मुरूम तापायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच तिथली मोठमोठी झाडं फुलायला घेतात. गाडीतून जाताना ही रानं मेलेली वाटतात. उतरून चाललात तर होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तीच टेकडी दर पंधरवड्याला वेगळी दिसते. सावली आणि हिरवळ शोधत गेलात तर फार काही सापडत नाही. उघडी, दगडाळ, उन्हाची उतरण पकडायची आणि मान वर ठेवायची.

पहिली काटेसावर. जानेवारीच्या शेवटापासूनच तिची जाडजूड लाल फुलं धप्प करून खाली पडायला लागतात. मागोमाग पळस. पळसाबद्दल मी नागपूरकरांना काय सांगू, काटोल रोडने नुसतं जाऊन आलं तरी दोन्ही बाजूंना पेटलेला दिसतो. पण एकदा त्याचं एकच फूल हातात घेऊन बघा. देठाशी काळपट, शेवाळी रंगाची वाटी, तिच्यावर बोटाला जाणवेल अशी मऊ लव. तिच्यातून वर आलेली पोपटाच्या चोचीसारखी बाकदार केशरी पाकळी आणि पुंकेसर त्या चोचीच्या आत दडवलेले. पाकळ्यांच्या बुडाशी मधाचा थेंब असतो.

धायटीकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं. खडकांच्या फटींतून कंबरेएवढी झुडपं, वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काड्या, आणि काड्यांना बिलगून विटकरी-लाल बारीक नळ्या. आसवं-अरिष्टं आंबवायला आयुर्वेदात हीच फुलं घालतात.

आणि माझं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे सोनसावर, काही गावांत गणेर म्हणतात. माती जेमतेम वीतभर, खडक उघडा पडलेला, अशा जागी हे उभं असतं. वेड्यावाकड्या फांद्या, पान एकही नाही, आणि फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधम्मक फुलं. पाच तुकतुकीत पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका. शेजारी दहा मिनिटं उभं राहिलं की मोठा काळा भुंगा येतोच. त्याची गुणगुण मध्येच एकदम चढते, तिकडे कान द्या. या फुलात मध नसतो. परागकोशांना टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात, त्यामुळे नुसतं बसून पराग मिळत नाही. भुंगा झुबक्याला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा त्या छिद्रांतून पिवळी पूड बाहेर उडते. भुंगा निघून गेल्यावर पाकळीवर ती सांडलेली दिसते.

तुम्ही कुठे काय पाहिलं ते इथे लिहा. फोटो टाका. दोन गोष्टी मात्र पाळू या: जागा लिहिताना तालुका किंवा ढोबळ परिसर पुरे, आणि पेंच, बोर, उमरेड-करांडला या संरक्षित क्षेत्रांत मनाने पायी शिरायचं नाही. तिथे सफारीच्या गाडीतून जे दिसेल ते बघायचं.

---

पुण्याचा_पथिक · १२ फेब्रुवारी, रात्री १०:३५

धागा आवडला. एक शंका. पळस, सावर, पांगारा हे सगळे वृक्ष झाले. रानफुलं म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर गवतात गुडघे टेकून बघायची फुलं येतात. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं. तसं काही तुमच्याकडे वसंतात असतं का?

---

रानवेडी · १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

असतं, पण गालिचा नसतो. उंटकटारीचे निळसर काटेरी गोळे पडीक रानात अजून उभे आहेत. भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरते, पानांच्या शिरेशिरेवर काटे आणि जांभळी फुलं. शेंगदाण्याएवढीसुद्धा नसलेली विष्णुक्रांतेची निळी फुलं मुरमात सकाळी उघडी दिसतात. वाघाटीच्या वेलीला या दिवसांत पांढरी फुलं येतात आणि जुनी होताना ती गुलाबी होत जातात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग मिळतात. पण पथिक, आपल्या पानगळीच्या रानात या ऋतूचं खरं वैभव वृक्षांचंच आहे. कासच्या पठारावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे फुलं पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर जातात. इथे खोलवर गेलेली मुळं आणि खोडात साठवलेलं पाणी यांच्या जोरावर फुलोरा येतो. दोन्ही रानफुलंच.

---

धंतोलीकर · १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

रानवेडीताई, खडकांचा विषय निघालाच आहे तर थोडी भर घालतो. मी आयुष्यभर दगडांचं काम केलं आहे, फुलं सौभाग्यवतींमुळे बघायला लागलो.

नागपूर दख्खनच्या लाव्हा पठाराच्या अगदी पूर्व काठावर आहे. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, बाजारगाव, कोंढाळी, काटोल, हा सगळा काळा बेसाल्ट. तुम्ही ईशान्येला रामटेक-मनसरकडे निघालात की लाव्हा संपतो आणि सौसर गटाचे त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक लागतात. मनसरच्या मँगनीजच्या खाणी त्याच पट्ट्यात. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात इथे आले आणि त्यांनी या भागातले खडक आणि जीवाश्म बारकाईने गोळा केले. म्हणजे ही टेकड्या हिंडायची सवय आपल्या शहराला जुनी आहे.

फुलं शोधणाऱ्याला याचा उपयोग असा. पळस कशातही येतो. काळी चिकण माती, पडीक, पाणी साचणारी जमीन, त्याला सगळं चालतं. म्हणून तो रस्त्याकडेला आणि बांधावर दिसतो. सोनसावर, सालई आणि कढई मात्र निचरा होणारी दगडाळ उतरण मागतात. नकाशात गावाची टेकडी दिसली की आधी उताराचा दगड बघा. सालईचं झाड ओळखायला सोपं, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि साल चोळली की धुपाचा वास येतो. तिची फुलं या दिवसांत येतात, बारीक, पांढरी, फांदीच्या शेंड्याला झुपक्याने. दुर्बिणीशिवाय कुणाच्या लक्षात येत नाहीत.

कढईला काही जण कुलू म्हणतात, काही भुताचं झाड. चांदण्या रात्री तिचं पांढुरकं खोड बघितलं की नावाचं कारण कळतं. फुलं लहान, हिरवट-पिवळी. फळांच्या वाट्याला जाऊ नका, त्यांच्यावरचे बारीक केस कातडीत शिरले की फार आग होते.

---

भाऊ_पारशिवनी · १३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

ताई, लय चांगला विषय काढला तुमी. आमच्या इकडची एक गोष्ट सांगतो, शहरातल्या लोकायनं ध्यानात ठेवली पायजे.

मार्च लागला का मोह टपकाले सुरू होते. फूल रातीच गळते, म्हून पहाटेच टोपली घेऊन जा लागते. बाया, पोट्टे, म्हातारे, समदे जातेत. ते फूल मंजे आमच्या घरचा पैसा हाय. कोनी वाळवून इकते, कोनी घरी खाते. त्याच टायमाले अस्वल बी मोहाखाली येते. वाघाचं तर इचारूच नका, आमच्या विदर्भात मोह येचाले गेलेल्या मानसावर वाघानं हल्ला केल्याच्या बातम्या दरसाल येतात. म्हून पहाटेच्या अंधारात फुलं पाहाले एकट्यानं जंगलात शिरू नका बाप्पा. उजेड पडू द्या, गावातला मानूस संगं घ्या.

दुसरी गोष्ट आगीची. मोहाखाली पाला असला का फूल दिसत नाई, म्हून काई लोकं पाला जाळतेत. मंग ते आग पसरते. आमच्या गावात आता पाला झाडून काढतेत आन खाली जाळी नाईतर जुनं लुगडं अंथरतेत. फूल बी साफ राह्यते, आगबी लागत नाई. तुमी येसान तवा बिडी-सिगरेट, शेकोटी, काईच नको. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीले सुरू होते, तो १५ जूनपर्यंत.

आन कढईचा डिंक काढासाठी लोकं लय खोल घाव घालतेत. झाड वाळून जाते. तसं कुठी दिसलं का वनरक्षकाले सांगा.

---

रानवेडी · १३ फेब्रुवारी, रात्री ८:००

भाऊ, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वरच लावायला हवा. मोहाखाली कुणी वेचत असेल तर आपण लांबून वळसा घालून जायचं, फुलं तुडवायची नाहीत, आणि न विचारता वेचणाऱ्या बायांचे फोटो काढायचे नाहीत. त्यांच्या कामाच्या वेळेत आपण तिथे पाहुणे असतो.

---

टुसॉनकर · १४ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता अ‍ॅरिझोनात टुसॉनला राहतो. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथेही सध्या सगळे वाळवंटातल्या डोंगरांवर फुलं शोधत हिंडत आहेत, फक्त गणित अगदी उलटं आहे.

टुसॉनला वर्षाकाठी साधारण ३०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे नागपूरच्या पाव हिश्श्याच्या आसपास. तोही दोन हप्त्यांत, थोडा उन्हाळ्याच्या शेवटी गडगडाटासह, थोडा हिवाळ्यात रिमझिम. इथली वसंतातली फुलं बहुतेक एका हंगामाची चिमुकली रोपं असतात: सोनेरी पॉपी, निळे ल्युपिन. त्यांचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. शरद ऋतूत एखादा चांगला पाऊस, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर एका दमात पडला, की बियांच्या सालीतली अंकुर रोखणारी द्रव्यं धुऊन निघतात आणि बी रुजतं. तेवढ्यानेही भागत नाही, पुढे हिवाळाभर थोड्या थोड्या दिवसांनी सरी यायला लागतात. मध्ये खंड पडला की रोपं करपतात. आणि त्यातही सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, काही पुढच्या वर्षांसाठी राखून राहतं. टुसॉनच्या टुमामॉक टेकडीवर १९०३ साली वाळवंटातल्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, तिथे या विषयावर पिढ्यान् पिढ्या काम चाललं आहे.

त्यामुळे इथे एखाद्या वर्षी डोंगरच्या डोंगर पिवळा होतो आणि त्यापुढच्या वर्षी त्याच जागी मुरुमाशिवाय काही नसतं. लोक डिसेंबरपासून पावसाचे आकडे बघत बसतात. फेब्रुवारीच्या अखेरीस टुसॉन आणि फीनिक्सच्या मधल्या पिकाचो पीकसारख्या सखल डोंगरांच्या दक्षिण उतारावर पहिली फुलं येतात, मग फुलोरा हळूहळू वर चढतो. खालची संपली की उंचावरची सुरू. पॉपी ढगाळ हवेत आणि थंडीत मिटलेली राहते, म्हणून इथे फुलांसाठी पहाटे निघायचं काही कारण नसतं. दहाच्या पुढे, ऊन चढल्यावर जायचं. फार बारीक फुलं तर अक्षरशः पोटावर पडून बघावी लागतात.

पण तुमच्या सोनसावरीची भावंडं म्हणावीत अशी झुडपंही आहेत. ओकोटिओ नावाचं एक आहे, नुसत्या काटेरी लांब काठ्या आणि प्रत्येक काठीच्या टोकाला लाल फुलांचा तुरा. त्यावर हमिंगबर्ड येतात. आणि सग्वारो निवडुंग मे-जूनमध्ये फुलतो, फूल रात्री उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. वटवाघळं, मधमाश्या आणि कबुतरं त्यावर असतात.

---

रानवेडी · १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काय सुंदर लिहिलंत! बी राखून ठेवण्याची गोष्ट तर मी मुलांना वर्गात सांगणार आहे.

आपल्या झाडांचं यापेक्षा वेगळं आहे. पानं गळाली की झाडातून उडून जाणारं पाणी एकदम थांबतं. मुळं खालून थोडंफार पाणी ओढतच असतात, ते खोडात साठतं, फांद्या पुन्हा पाण्याने भरतात आणि कळ्या फुटतात. सोनसावर, काटेसावर, पांगारा, कढई ही सगळी मऊ लाकडाची झाडं, त्यांचं खोड म्हणजे पाण्याची टाकीच. पानं नसल्यामुळे फूल लांबून पक्ष्याला दिसतं, हा आणखी एक फायदा. म्हणून आपल्याकडे कमी-जास्त का होईना, दरवर्षी फुलोरा असतोच. पावसाचे आकडे बघायची गरज नाही, पण थंडी लांबली की तारखा सरकतात.

---

शुभदा_प · १६ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

मला मुलांना घेऊन जायचं आहे, मोठी ९ वर्षांची आणि धाकटा ६ चा. जंगलाच्या गोष्टी वाचून जरा धास्तावले. जवळपास कुठे जाता येईल? आणि ऊन कितपत सोसेल?

---

पंखवेडा · १६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

शुभदाताई, जंगलात जायची गरजच नाही. पहिल्यांदा सेमिनरी हिल्सच्या चालायच्या वाटेवर जा, किंवा रामटेकला गडावर पायऱ्यांनी चढा आणि अंबाळा तलावाच्या बाजूच्या उतारांकडे बघत बसा. आदासाच्या गणपतीला जाणार असाल तर त्या रस्त्यालाही पळस भरपूर आहे. सकाळी साडेसहाला टेकडीवर पोहोचायचं आणि साडेनऊला परत निघायचं. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यानंतर मुलांना साडेआठच्या पुढे उन्हात ठेवू नका. प्रत्येकी लिटरभर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि बूट. चपला नकोत, पळसाच्या सुकलेल्या पाल्यावरून पाय घसरतो आणि पाल्याखाली विंचू असतो.

मुलांना करायला एक काम सांगतो. फुललेला एकच पळस निवडायचा आणि वीस-पंचवीस पावलांवर गप्प बसायचं. कोण कोण येतं ते वहीत लिहायचं. जांभळा शिंजीर नक्की येणार, नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, खारी येतील. नशीब असेल तर भोरड्यांचा थवा येतो, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, आणि आख्खं झाड कलकलाटाने भरून जातं. चोच फुलात घालून वर आली की कपाळाला पराग लागलेले दिसतात का, ते बघायला सांगा. मुलं तासभर हलत नाहीत, मी बघितलं आहे.

---

शुभदा_प · १६ फेब्रुवारी, दुपारी १:१०

खूप आभार! होळीला पळसाचा रंग घरी करायचा विचार आहे. आई करायची म्हणतात सासूबाई, पण त्यांना प्रमाण आठवत नाही.

---

रानवेडी · १६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

फक्त खाली पडलेली फुलं गोळा करा, झाडावरची नकोत. मुंग्या झटकून धुवून घ्या. मोठ्या पातेल्यात फुलं बुडतील एवढं पाणी घालून अर्धा तास उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गाळलं की सुंदर पिवळा-केशरी रंग मिळतो. चिमूटभर खायचा चुना टाकला की रंग गडद होतो, पण लहान मुलं आहेत तर चुन्याशिवायच ठेवा. पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतो.

---

शोधयात्री · २२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार. मी फोटोग्राफी करतो. पांढऱ्या फुलांचा पळस नागपूर जिल्ह्यात आहे असं ऐकलं आहे. पिवळा मला मिळाला आहे. पांढऱ्याचं ठिकाण कुणी सांगू शकेल का? जीपीएस असेल तर उत्तम. मला फक्त फोटो हवा आहे.

---

रानवेडी · २३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

शोधयात्री, तुमच्या हेतूबद्दल मला अजिबात शंका नाही. पण ठिकाण इथे येणार नाही, निरोपातही देणार नाही.

पांढऱ्या पळसाने गुप्तधन सापडतं, असा समज आपल्याकडे फार खोलवर आहे. त्यापायी लोक रात्री जाऊन साल सोलतात, मुळं खोदतात, फांद्या तोडून नेतात. धागा सगळ्यांना वाचता येतो, आणि एकदा लिहिलेलं ठिकाण परत घेता येत नाही. जमिनीत उगवणाऱ्या आमरींचंही (ऑर्किडचंही) तेच, कंदांसाठी खणून नेतात.

---

शोधयात्री · २३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

समजलं, पण एक बाजू मांडतो. कुणाला माहीतच नसेल तर झाड तोडलं गेल्याचंही कुणाला कळणार नाही. रस्ता रुंदीकरणात, शेताच्या बांधावर, किती झाडं जातात. माहिती असणारी माणसं जास्त असतील तर आवाज उठवणारेही जास्त असतील ना?

---

भाऊ_पारशिवनी · २३ फेब्रुवारी, दुपारी २:००

भाऊ, तुमचं म्हननं खरं हाय, पन मी डोळ्यानं पाह्यलेलं सांगतो. आमच्याकडं एक पांढरा पयस होता. आमच्या आज्याले माहीत, बाबाले माहीत, मले माहीत. झाड चांगलं होतं. मंग कोनीतरी त्याचा फोटो मोबाइलवर टाकला, गावाच्या नावासगट. दुसऱ्या साली बुडापासून साल काढलेली, चारी बाजूनं खड्डे, आन खड्ड्यात लिंबू-कुकू. झाड वाळलं. गावातल्या मानसानं नाई केलं ते, बाहेरून गाड्या आल्या होत्या.

ज्याले राखाचं हाय त्यानं गावाले सांगावं, वनरक्षकाले सांगावं, ग्रामसभेत मांडावं. मोबाइलवर नाई.

---

टुसॉनकर · २४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

भाऊंशी शंभर टक्के सहमत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपींचा प्रचंड फुलोरा आला होता. फोटो सगळीकडे पसरले, आणि इतकी गर्दी लोटली की लोक वाट सोडून थेट फुलांत शिरले, फोटोसाठी त्यात आडवे झाले. तुडवलेल्या जागी माती घट्ट होते, बी रुजत नाही. २०२३ मध्ये पुन्हा तसाच फुलोरा आला तेव्हा तिथल्या प्रशासनाने ती दरीच लोकांसाठी बंद ठेवली. तिथे गुप्तधनाची भानगड नव्हती, नुसत्या कौतुकाने एवढं झालं.

शोधयात्री यांना एक सुचवतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा आणि स्थान झाकून ठेवण्याचा पर्याय निवडा. नोंद अभ्यासाला राहते, नकाशावर मात्र फक्त ढोबळ चौकोन दिसतो. फोटोच्या फाइलमध्ये मोबाइल आपोआप स्थान लिहितो, ते टाकण्याआधी काढा.

---

शोधयात्री · २४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठिकाणाची मागणी मागे घेतो. माझ्या पिवळ्या पळसाच्या फोटोतलं स्थान आजच काढून टाकलं आहे, आणि ते झाड ज्यांच्या बांधावर आहे त्या शेतकरी काकांशी उद्या बोलणार आहे. झाड त्यांनी हौसेने राखलं आहे, त्यांना फोटोची मोठी प्रत देतो.

---

धंतोलीकर · १८ मार्च, सकाळी १०:००

रामटेकच्या बाजूला जाऊन आलो. पळस उतरला आहे, झाडाखाली केशरी सडा आणि वर कोवळी पानं. सोनसावर मात्र आत्ता भरात. काही झाडांवर फुलांसोबत गेल्या वर्षीची फुटलेली बोंडं अजून आहेत, आतला पांढरा कापूस वाऱ्यावर उडतो आहे. मोहाच्या शेंड्यांना फुलांचे गुच्छ लोंबत आहेत, सकाळी सातला सगळ्या रानात तो गोड, जड वास भरलेला होता. चारोळीचा बहर मात्र हुकला, पांढरे तुरे सुकून तपकिरी झाले होते.

---

शुभदा_प · २३ मार्च, संध्याकाळी ६:४५

आम्हीही जाऊन आलो! मुलीने वहीत सात प्रकारचे पक्षी लिहिले. पण एक कोडं आहे. दूरच्या उतारावर एक झाड संपूर्ण लालभडक होतं, पळसापेक्षा गडद, तांब्याकडे झुकणारं. जवळ जाता आलं नाही. दुर्बिणीतून फूल असं दिसेना, नुसता लाल रंग. फोटो जोडला आहे. हा कोणता वृक्ष?

---

रानवेडी · २३ मार्च, रात्री ८:३०

शुभदा, तो कुसुम, म्हणजे कोशिंब. तो लाल रंग फुलांचा नाही, कोवळ्या पालवीचा आहे. फोटो मोठा करून बघितलात तर पानांच्या जोड्या दिसतील. पुढच्या आठ-दहा दिवसांत ती पालवी हिरवी होईल, म्हणून पुन्हा जायचं तर लगेच जा. कुसुमाची खरी फुलं हिरवट-पिवळी आणि इतकी लहान असतात की त्या लाल पालवीपुढे कुणी बघत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहाव्याकडे लक्ष ठेवा. शहरातल्या रस्त्यांवर लावलेला तर दिसेलच, पण टेकडीच्या पायथ्याला आपसूक आलेला बघा. तो उशिरा आणि विरळ फुलतो, तरी त्याच्या घोसांची लांबी काही औरच. जुन्या आंब्या-मोहाच्या फांद्यांवर आमरी असतात, त्यांचीही वेळ तीच. खालूनच बघायच्या, दुर्बिणीने.

---

भाऊ_पारशिवनी · २४ मार्च, सकाळी ५:५०

शुभदाताई, कुसुमावर आमच्या इकडं लाख बी लावतेत. लेकराईले दाखवाची असन तर या. मोहाची घाई एप्रिल लागल्यावर कमी होते, तवा मले येळ राह्यते. दोन दिवस आधी कळवजा, वनरक्षकाले बी सांगून ठेवतो. पानी संगं आना, आमच्या टेकडीवर हँडपंप आटला हाय.